कुरेदीचे खिळे

दोनी मोडायला काढली त्या सकाळी
बाप अंगणात जोलीच्या जाळीत बसून होता,
तोंड किनाऱ्याकडे.
दिसत नाही त्याला, तीन वर्षं झाली,
पण कान तिकडेच.

सोबाह आणि त्याचा मेव्हणा पहारीने
माडाच्या फळ्या उचकटत होते.
फळ्या करकरत सुटल्या,
खिळे मात्र हलेनात.
"कसलं लोखंड वापरलंय म्हाताऱ्याने?"
मेव्हणा लांबच्या बेटावरचा, त्याला कुठून माहीत असणार.

लोखंड नव्हतंच. कुरेदी होती.

तुम्ही ते झुडूप पाहिलं नसेल.
बेटाच्या वाऱ्याकडच्या अंगाला, जिथे माडही पाय रोवत नाही,
तिथे प्रवाळाच्या भेगेत ते उभं असतं.
उभं म्हणणंही जास्तच.
कमरेत वाकलेलं, अंगभर गाठी,
पानं नखाएवढी, राखी लव असलेली,
फूल पांढरं, चुरगळलेलं,
कुणी खिशात ठेवून विसरल्यासारखं.
एक फांदी सरळ नाही.

बाप त्यातून खिळे काढायचा.
फांदी म्हातारी निवडायची, ओहोटीला तोडायची,
भरतीच्या रेषेखाली वाळूत पंधरा दिवस पुरायची,
मग सावलीत. उन्हात ठेवली तर रागावते.
तडकते म्हणायचं नाही त्याच्यापुढे, रागावते.
मग वाकसाने तासणं, एका खिळ्याला अर्धा दिवस.
दोनीत तीनशे बारा होते.
मी त्याच्या मांडीवर कधी बसले असेन,
हिशेब तुम्हीच करा.

उरलेली कुरेदी आईची.
वाळक्या काटक्या एकदा पेटल्या की
रिहाकुरू आटून काळं होईतो जाळ धरून ठेवायच्या.
नारळ सोलायचा सुळका तिचाच, परसात रोवलेला.
तोंड आलं की सालीच्या काढ्याच्या गुळण्या.
मी पोटात होते तेव्हा आई
दुपारभर खडकावर बसून आंबटढाण पानं चघळायची
आणि शेजारची दोनकामना ओरडायची,
"पोरगी होईल गं, जिभेची तिखट!"
तांदळाचं गलबत आलं नाही त्या वर्षी
पानं उकडून खाल्ली म्हणे.
चवीचं विचारलं की आई भांडी घासायला उठते.

मामाने एकदा मालेहून डबाभर लोखंडी खिळे आणले.
बापाने ते परत केले नाहीत,
कोंबड्यांच्या खुराड्याला ठोकले.
तिसऱ्या पावसाळ्यात फळ्यांवरून तांबडे ओघळ आले.
बाप जाता-येता तिकडे बघायचा,
मामा घरी असला की जरा जास्त.

आता सोबाहने फायबरची बोट घेतलीय.
साच्यातून निघते, खिळा लागत नाही, वेगही चांगला.
समोरच्या बेटावर, जिथे पाहुणे उतरतात,
कुरेदी कुंड्यांत लावलीय, वीतभर.
मी तिथे चादरी बदलायला जाते.
फांद्यांना तार गुंडाळून ठेवतात,
अजून वाकडी दिसावी म्हणून.
हे मी बापाला सांगितलेलं नाही.

संध्याकाळी, करवतीने कापलेल्या फळीतून
एक खिळा अख्खा सुटला.
मी तो बापाच्या तळहातावर ठेवला.
त्याने वास घेतला, दातावर वाजवून पाहिला,
म्हणाला, पेलाभर पाणी आण.

मला वाटलं, तहान.

त्याने खिळा पाण्यात सोडला.
तो सरळ तळाला गेला. टक्.
"कुरेदीच," बाप म्हणाला. "दुसरं लाकूड तरंगलं असतं."

चाळीस वर्षं त्या दोनीतून आम्ही
मासळीला गेलो, लग्नांना गेलो,
एकदा आजारी आईला आडवी घालून नेली.
खाली तीनशे बारा बुडणारी लाकडं होती,
हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

बापाने पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं,
ओठांशी आलेला खिळा जिभेने अडवला,
आणि पेला माझ्याकडे देत म्हणाला,
"बाकीचे चुलीत घालू नका रात्रीचे.
विझता विझत नाहीत,
झोपायला उशीर होईल."