धडा वजा करून

कुपवाडहून चाळीस टनी क्रेन घेऊन निघालो
तेव्हा मालक म्हणाला, झाडच आहे, दुपारपर्यंत ये.

झाडच होतं. कसबे डिग्रजमधली चिंच,
तीन पावसाळे पान न फुटलेली,
एका अंगाला मगदुमांचा पत्रा, दुसऱ्या अंगाला वाचनालय,
मधून विजेची तार.
पाडायला जागा नव्हती. उचलायचीच होती.

कशानं मेली यावर दोन मतं होती, चहा येईतो पाच झाली.
कुणी पुराचं पाणी म्हणे, कुणी शेजारचं बोअर.
एकानं पाराकडे बोट केलं,
बुंध्याला भिडवून ओतलेलं सिमेंट
आणि वर देणगीदारांची नावं.
नावं वाचली, आणि सगळे पुन्हा पुराकडे वळले.

नूरुद्दीन शिकलगारनं पोत्यावर तीन करवती मांडल्या.
चौदा इंची, अठरा इंची, आणि एक दांडगी,
जिचं पातं त्याच्या पोराच्या कमरेला लागत होतं.
पोरगं तिच्याकडेच बघत होतं.
तो म्हणाला, मोठी करवत मोठ्या झाडाला लागत नाही,
मोठ्या घाईला लागते.
ओल्या लाकडात साखळी पोहते. वाळली चिंच दात खाते.
मग कानस काढली. दाताला तीन हात, चौथा नाही.
आजा विळ्यांना धार लावायचा, बाप अडकित्त्यांना.
भुसा तळहातावर घेऊन बघत जा, पोराला म्हणाला,
पीठ पडलं तर थांब,
कीस पडला तर चालू दे.

मेल्या फांदीवर पाय ठेवत नाहीत,
म्हणून तो महावितरणच्या शिडीगाडीतून वर गेला.
मी पट्टा ताणून धरला. अठरा इंचीनं फांदी सोडवली.
ती हवेत आली, हळू फिरली,
आणि नदीकडे तोंड करून राहिली.

खालून आवाज : किती भरलं?
त्रिशला मगदूम. हळदीच्या पेठेत एकतीस वर्षं
तोलाईच्या वहीवर बसलेल्या.
केबिनमधल्या काट्यावरचा आकडा मी ओरडलो,
चारशे दहा.
हुकाचा धडा वजा केला का?

पवनचक्कीची पाती उचललीत मी, कारखान्याचे रोलर,
एकदा विहिरीत पडलेली म्हैस.
धडा कुणी विचारला नव्हता.
हुक, पट्टे, साखळ्या मिळून नव्वद, मी म्हटलं.
त्यांनी लिहिलं, तीनशे वीस.

मग तसंच चाललं. काप, उचल, आकडा, वजा नव्वद.
बुंध्याचा वरचा तुकडा मी मनात बाराशे धरलेला,
त्या हिशेबानं बूम आखडून घेतली,
आणि तो सातशेवरच उठला.
पोकळ. आतून काळी भुकटी सांडली,
मधमाश्यांचं वाळकं पोळं, एक काचेची गोटी.
बाईंनी आकडा दोनदा विचारला.
तोलात एवढी तूट त्यांना पटेना.
मग आत होतं काय?
वरून नूरुद्दीन म्हणाला, जागा.

शेवटच्या कापाला दांडगी घ्यावीच लागली.
अर्ध्यात ती किंचाळली, ठिणगी उडाली, सात दात गेले.
लाकडानं गिळलेली लोखंडी कडी निघाली,
बोटाएवढी जाड, गुरं बांधायची,
साल तिच्यावरून चार बोटं चढलेली.
कुणी ठोकली होती, कुणालाच आठवेना.
नूरुद्दीनच्या तोंडात शिवी आली, पोराकडे बघून गिळली.
साखळी बदलली. कडी पोराच्या हातात दिली.

साडेचारला बेरीज झाली. चार हजार सहाशे पंचेचाळीस.
वखारवाला म्हणाला, पोकळीचे पैसे मिळणार नाहीत.
बाईंनी त्याला वही दाखवलीच नाही.
मिटता मिटता पेन थांबलं, खाली एक ओळ पडली.
मी केबिनमधून उतरून वाचली :
पाने धरलेली नाहीत.

मालकाचे सात मिस्ड कॉल होते.
आठवा उचलला. झाडच होतं ना, म्हणाला, एवढा वेळ?
मी त्याला आकडा सांगितला,
धडा वजा करून.