मौजे मोर्व्हाल येथील फेरफार

सोसायटीला दहा वर्षं झाली म्हणून
सेक्रेटरी म्हणाले, काका, तुम्ही महसुलातले,
आपल्या नावाचा इतिहास लिहा की पानभर.
नाव : शातो मोर्व्हाल.
मुक्काम कोलशेत, ठाणे पश्चिम.
बत्तीस मजले, वर दोन खोटे बुरूज,
बुरुजांत पाण्याच्या टाक्या.

लॉबीत काचेची चौकट आहे,
बिल्डरने ऐट म्हणून फ्रेंचच ठेवलेली.
शाळेत फ्रेंच घेतलेल्या नातीने, शर्वरीने,
बोट ठेवत ठेवत वाचून दाखवली.
मला लिहिता येतं एकाच तऱ्हेने.
चौतीस वर्षं तलाठी होतो.

फेरफार क्रमांक १.
गोतिए नावाच्या इसमाने नदीच्या वळणावर
टेकाड बघून आधी कूड घातला, मग दगडी तट.
दस्त नाही. मोजणी नाही.
हक्काचा आधार : घोडे.

क्रमांक २. वारस नोंद. मुलगा, त्याचंही नाव गोतिए.
जमीन टिकवणारी घराणी नावं बदलत नाहीत,
हे मी भिवंडीतही पाहिलंय.

क्रमांक ३. सदर गोतिए धर्मयुद्धास गेला.
जाताना पाणचक्की, तळं, दोन रानं मठाकडे गहाण.
तो परतला नाही.
बोजा राहिला.

क्रमांक ४. वारस अज्ञान, वय वर्षे सहा.
अ.पा.क. आई.
आईचं नाव चौकटीत नाही, नुसतं ‘विधवा’.
तिने चुलतदिराचा वेढा सत्तेचाळीस दिवस सोसला,
उकळतं तेल संपलं तेव्हा
तटावरून उकळती लापशी ओतली.
शर्वरी हसली. मग गप्प झाली.
आजोबा, मग त्यांनी खाल्लं काय?

क्रमांक ५ ते ११. लग्नं, हुंडे, हक्कसोड,
एका भावाच्या पेल्यात विष असल्याचा वहीम,
पुराव्याअभावी नोंद रद्द.

क्रमांक १२. शेवटच्या सरदाराने
पत्त्यांच्या डावापायी किल्ला सावकाराला लिहून दिला.
त्यानंतर क्रांती.
गावकऱ्यांनी दप्तर अंगणात ओतून
सगळे कागद जाळले.
इथे माझं पेन थांबलं.
तलाठी म्हणून वाईट वाटलं.
माणूस म्हणून काय वाटलं, ते सांगत नाही.
तटाचे दगड गोठ्यांना गेले, विहिरींना गेले.
वरवंट्यांनाही गेले असतील.

आता अडचण अशी,
की क्रमांक एकच्या आधी कब्जेदार कोण?
चौकट म्हणते : ओसाड दलदल, कुणाचीच नाही.

हे वाक्य माझ्या अक्षरातलं आहे.

सत्त्याऐंशीची पीकपाहणी.
उन्हाचं बांधावर कोण जातो,
चावडीतल्या पंख्याखाली बसून मी लिहिलं :
खाजण. पड. पीक नाही.
तेव्हा त्या खाजणात, खाऱ्या पाण्यात तगणारा
राता भात पोटऱ्यात आला होता.
बांध घालायची चांगुणाबाई भोईर,
उघाडीच्या तोंडाशी निवट्या धरायची,
आणि संध्याकाळी भरतीच्या आत घरी.

ती आली होती चावडीवर.
पदराची गाठ सोडून
माझ्या टेबलावर मूठभर दाणे ठेवले.
भाऊसाब, माजा भात दिसला नाय का तुला?
मी म्हणालो, अर्ज करा.

आता तिथे पोडियम आहे,
पोडियमवर निळ्या फरशीचा पोहण्याचा तलाव.
चौदाव्या मजल्यावरच्या माझ्या बाल्कनीतून
तो नीट दिसतो.

पान लिहून झालं तेव्हा सेक्रेटरी म्हणाले,
काका, हा फेरफार क्रमांक शून्य काढा ना,
सुरुवात गोतिएपासूनच बरी.
शर्वरी मध्येच म्हणाली, आजोबा,
त्या दाण्यांचं काय केलंत तुम्ही?

कबुतरांना घातले.

मग तेही लिहा, ती म्हणाली.
‘इतर हक्क’ असा रकाना असतो ना तुमच्यात,
त्यात.