वाढलेलं कंकण

वादळानंतर अकराव्या दिवशी आम्ही पोहोचलो.
आधी वास आला, मग बेट दिसलं.
मासे नव्हेत, अपिनेलु म्हणाला, होडीचं इंजिन बंद करत,
पोवळी आहेत. उन्हात मरतायत.
खडकालाही कुजता येतं
हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, नाकातून नव्हतं.

जिथं उतरायची वाळू होती तिथं आता
पुरुषभर उंच बांध:
शिंगांसारख्या फांद्या, बोटं, पेरं,
परातीएवढ्या पालथ्या चकत्या,
आणि मधेच एक निळी चप्पल, डाव्या पायाची.
पाऊल टाकलं की खळखळ,
कुणी कपबशांचं कपाट कलंडून दिल्यासारखी.

लाट नुसती आपटत नाही, अपिनेलुनं हातांनी दाखवलं,
ती उचलते.
एकाला दुसऱ्यावर फेकते, दुसऱ्याला तिसऱ्यावर.
मोडलेल्यानंच मोडलं पुढच्याला.

पाण्याखाली मी टेप ताणला.
पन्नास मीटरांत जिवंत चार.
पाटीवर पेन्सिलनं लिहीत गेले:
चुरा, चुरा, वाळू, चुरा.
एक थोराड गोल पोवळं, इथल्या चर्चहून जुनं,
कुशीवर पडलेलं;
कधीच ऊन न पाहिलेली त्याची खालची बाजू वर,
नुसती पांढरी.
मी नजर वळवली. का, ते सांगता येत नाही.
एक पोपटमासा तिथल्या तिथं फेऱ्या घालत होता.
त्याचा रकाना पाटीवर नव्हता.

संध्याकाळी मनेआपात सभा.
केवड्याच्या चटयांवर अख्खं गाव, दोन कुत्री, एक कंदील.
सेमिसीनं वही उघडली: बेट समुद्राच्या अंगाला
एकोणीस पावलं रुंद झालंय.
नवी जमीन कुणाची?
कुणी म्हणालं, ज्याच्या माडांसमोर आली त्याची.
कुणी म्हणालं, समुद्राची, तो परत मागेल.
हशा झाला. थोडा वेळ टिकला.
पुढच्या वादळाला हा बांधच आधी छाती देईल, म्हातारा फिलिमोनी म्हणाला,
आणि त्यावर कुणी हसलं नाही.

लेपेका काही बोलली नाही.
तिच्या पुलाकाच्या खड्ड्यात खारं पाणी शिरलंय,
अळवासारखी मोठमोठी पानं, कडेनं जळलेली.
ती सकाळपासून टोपलीत खडे वेचत होती,
पांढरे, बोटाच्या पेराएवढे, निवडून निवडून.
इओसेफाच्या थडग्यावर पसरायला.
दर वर्षी मी होडीनं जाऊन आणायचे, ती म्हणाली.
रात्रीचा मासे मारायला तो ह्याच कड्यावर जायचा.
आता कडाच चालत आलाय त्याच्याकडे.

मी जिच्यात लिहिते त्या भाषेत
ह्या बेटांना कंकणद्वीप म्हणतात.
आणि कंकण फुटलं असं म्हणायचं नसतं तिच्यात.
वाढलं म्हणायचं.
लहानपणी हातातली काच तडकली की आई तोंडावर हात ठेवायची:
वाढली म्हण.
मला तो बायकांचा भाबडेपणा वाटायचा.
इथं ते पायांनी मोजून पाहिलं,
एकोणीस पावलं.
फुटलं तेवढंच वाढलं होतं.
पण जे वाढलं ते श्वास घेत नव्हतं,
आणि ह्यासाठी आईकडे शब्द नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी अपिनेलुनं बुडी मारून
एक तुटकी फांदी शोधली, टोकाला अजून जांभळी.
कड्याच्या चिरेत खोचली, भोवती दगड ठोकून बसवले,
चूल मांडावी तसे.
जगेल?
तो खांदे उडवून हसला.
खालचा चुरा थांबला तर.
खसखशीएवढी पिल्लं येतात, चुऱ्यावर बसतात,
चुरा कूस बदलतो, चिरडून जातात.

त्या रात्री मी बांधाजवळच निजले.
ओहोटीबरोबर तो सरकत होता,
झोपेत कुणी दात खावेत तसा.
लेपेकाच्या घरात दिवा होता.
पाटी मी उशाशी ठेवली होती. जिवंत: चार.
अंधारातच चाचपून
त्यापुढे पेन्सिलनं एक रेघ ओढली,
आणि मग, शास्त्राला धरून,
पुसून टाकली.