उतारा

मी स्टाफ धरून उभा असतो,
चार मीटरची लाल-पांढरी पट्टी, हलू द्यायची नाही.
पलीकडे हणबर साहेब भिंगात एक डोळा घालून
माझ्या पायाखालच्या जमिनीला आकडा देतात:
एक दोनशे पंचेचाळीस.
मी पुढच्या खुंटीवर जातो. आकडा बदलतो.
जमीन तीच, खणलेली.

बॉक्साइट संपून अकरा वर्षं झाली.
सड्यावर खड्डा उरला,
आणि कडेला काढून ठेवलेल्या मातीचा ढीग.
त्यावर रानमोडी अशी माजली
की आमच्या वाडीतली पोरं त्याला डोंगर म्हणतात.
माझा बाप इथं सुरुंगाची भोकं पाडायचा.
आमच्या घरावरचे पत्रे त्याच पगाराचे,
त्यामुळे मी फार बोलत नाही.

वरून आलेल्या कागदावर कन्नडमध्ये एकच कामाचा शब्द होता:
मोदलिनंते.
आधीसारखं.
आधीसारखं म्हणजे कसं,
हे विचारायला साहेब खानापूरला गेले,
दोन दिवस बसून उतारा काढून आणला.
त्यात सर्व्हे नंबर होता, एकर होते, गुंठे होते,
मयताची नावं होती, खराबा होता.
उताऱ्यात उतार नव्हता.

मग मीच म्हटलं, गवळीवाड्यावरच्या ठकाबाईला विचारू.
जांबोटीला दूध घालायला
चाळीस वर्षं ती ह्याच वाटेनं गेली.

ती आली ती रिकामी किटली डोक्यावर घेऊनच.
हे कशाला, साहेब म्हणाले.
"मानेला आठवंल," ती म्हणाली.
किटली अॅल्युमिनियमची होती.
त्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

खड्ड्याच्या तळाशी उभी राहून तिनं वर बोट केलं:
"माजी वाट तितनं जायाची."
तिथं हवा होती.
एक पाकोळी आडवी गेली,
बरोबर वाटेवरून.

मग ती चालायला लागली आणि आम्ही मागून.
हितं दम लागायचा.
हितं म्हशी आपसूक तोंड खाली घालायच्या,
म्हंजी पानी हिकडनं जायाचं.
हितं थोरलीच्या टायमाला बसलेली, घटकाभर.
साहेब लिहीत होते. बसण्याचा आकडा कुठल्या रकान्यात घालायचा
हे त्यांना कळेना, शेवटी 'शेरा' मध्ये घातला.

डोझरवरचा मौलासाब गदगचा, त्याला मराठी येत नाही.
ठकाबाईनं नुसता तळहात पुढं धरला,
अंगठ्याकडून करंगळीकडं जरासा कलता.
त्यानं तो बघितला, नीट बघितला,
आणि पातं तेवढंच कलवलं.
"साकु?"
"आनि वाईच."
एवढ्या भाषेत त्यांनी आठ दिवसांत अर्धा डोंगर उतरवला.

आराखड्यात तीनास एक असा सरळ उतार होता.
हा तसा नव्हता.
मध्येच पोट काढणारा, मध्येच विचार बदलणारा.
शेवटच्या दिवशी साहेबांनी बाटलीतलं पाणी ओतून बघितलं.
पाणी थोडं थांबलं,
मग ओढ्याच्या दिशेनं निघालं.
साहेब खूश झाले.
ठकाबाई वाकून बघत राहिली.
"बरं हाय," ती म्हणाली,
"पन त्ये न्हवं."

दुसऱ्या दिवशी अमावास्या होती.
सकाळी सतरा नंबरच्या खुंटीपाशी
दहीभात, लिंबू, कुंकू लावलेली नारळाची कवड.
कोणी ठेवलं, साहेबांनी विचारलं.
मी म्हटलं, ठाऊक नाही.
मौलासाबनं इंजिन बंद केलं.
उतारा ओलांडायचा नसतो,
हे तिघांनाही तीन वेगवेगळ्या घरांतून माहीत होतं.

मी स्टाफ उचलला
आणि दीड हात बाजूला सरकून उभा राहिलो.
साहेबांनी भिंगातून बघितलं, काही म्हणाले नाहीत,
तिथलाच आकडा सतरापुढं लिहिला.
तेवढी चूक आमच्या नकाशात आहे.