वार

सासूने फोनवर आधी विचारलं,
"वार कुठं टाकली?"
मुलगी कशी आहे, ते नंतर.
मला राग आला नाही.
घणसोलीच्या जुन्या घरामागे
माझ्या नवऱ्याची पुरलेली आहे.
तिच्यावर आता चार मजले, पाण्याची टाकी,
भाडेकरूंच्या स्कूटर.

मी सांगितलं, पिवळ्या पिशवीत गेली.
पिशवी तळोज्याला जाते. जाळतात.
ती बराच वेळ काही बोलली नाही.

अठ्ठाविसावा आठवडा. नऊशे चाळीस ग्रॅम.
डोहाळजेवणाची हिरवी साडी अजून
दुकानाच्या पिशवीतच.

मी रबाळ्याला वजनकाटे तपासते.
पितळी वजनं चिमट्याने उचलते,
बोट लागू देत नाही,
घामाचंही वजन भरतं म्हणून.
इथे काचेच्या पेटीपाशी
कोपरापर्यंत हात धुवायला लावतात
आणि मग म्हणतात, लावा आता बोट.
पेटीवरच्या चिठ्ठीवर नाव माझंच:
बेबी ऑफ प्रणिता म्हात्रे.

डॉक्टर ताहेरांनी औषधाच्या बिलामागे चित्र काढलं.
मोठा गोळा. मागे, मानेच्या वर, लहान गोळा.
तोल इथला, म्हणाल्या,
चमचा न सांडता तोंडाशी नेणं इथलं.
शेवटच्या दहा आठवड्यांत हा झपाट्याने वाढतो
आणि त्या काळात वार त्याला
नुसतं रक्त नाही, नुसती साखर नाही,
एक हार्मोन पुरवत राहते,
जे मेंदूला सांगतं: हळू. झोप अजून.
त्या झोपेत तारांवर पांढरं वेष्टण चढतं.

"आणि वार निघाल्यावर?"
"उतरतं. फार वेळ लागत नाही."
"मग बाहेरून द्या ना."
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
"शोधतायत."

माझ्यातूनही तेच उतरलं होतं.
तिसऱ्या दिवशी लिफ्टचं दार लागेना
म्हणून मी जिन्यात बसून रडले.

शाळेत दोनच अर्थ शिकवले होते.
वार म्हणजे सोमवार, मंगळवार.
वार म्हणजे घाव.
तो कुणी कुणावर केला,
मी रात्रभर तपासत राहते:
उचललेली वजनं, चढलेले जिने,
डोकं दुखत असताना काढलेली ती एक पाळी.
डॉक्टर म्हणतात, रक्तदाबाला कारण विचारू नका.
मी काटा तपासणारी बाई.
चूक कुठे आहे, एवढंच मला विचारता येतं.

टाळूच्या खिडकीतून आत बघितलं त्यांनी.
पडद्यावर मेंदू गुळगुळीत.
वळ्या पडायच्यात अजून,
न वापरलेल्या तळहातासारखा.
रक्तस्राव नाही. ठीक आहे.
"ठीक" हा शब्द मी चारदा वदवून घेतला.
पाचव्यांदा त्या म्हणाल्या,
चालेल, बोलेल, ते दोन वर्षांनी बघू.

रात्री जिन्सी सिस्टर पेटीवर दुलई टाकते,
दिवे उतरवते, यंत्राचा आवाज कमी करते.
वॉर्डबॉयने स्टूल ओढलं तर
ओठांवर बोट ठेवते: "हळू, हळू.
झोपेत डोकं वाढते तिचा."
तिच्या मराठीला मी हसले
आणि मग हसू थांबलं.
जाळलेल्या पिशवीचं काम
ही बाई महिना पगारावर करतेय.

दुपारी दोन तास मुलगी माझ्या छातीवर असते,
कातडीला कातडी, वर शाल.
माझ्या छातीला वारेचं काम येत नाही.
ती फक्त ऊब देते, आणि ठोका.
मुलीचा श्वास अधूनमधून थांबतो,
तळव्यावर टिचकी मारली की चालू होतो.

काल वजन नऊशे पस्तीस भरलं.
मी म्हटलं, सिस्टर, काट्याचा बुडबुडा मध्ये नाही.
तिने पाया सरळ केला.
नऊशे अडतीस.

सासूचा पुन्हा फोन.
"नाळ पडली की ती तरी घेऊन ये.
टाकीमागची एक फरशी उचकटून ठेवलीय."

पंधराव्या दिवशी पडली,
वाळलेली, काळी, चिंचेच्या काडीएवढी.
मी ती रुमालात बांधली.
कारखान्यात असा काटा आहे
जो केसाचंही वजन सांगतो.
नेली नाही.