भरतीचं गाईड मागायला आलेल्या मुलास

धैर्यशील, थांब.
गाईड मागच्या कपाटात आहे, देतो.
रोज पहाटे तू रहिमतपूर रस्त्याला
सोळाशे मीटर पळतोस, ठाऊक आहे मला,
तुझे बूट माझ्या खिडकीखालून जातात.
कोरेगावात एवढ्या लवकर दुसरं कोण उठतं?
पण गाईडासोबत हेही ने.

मुखपृष्ठ कधीच गेलं.
साखर कारखान्याच्या कॅलेंडरचं कव्हर मीच घातलंय,
म्हणून पाठीवर जून महिना दिसतो.
कादंबरी आहे. दुसऱ्या महायुद्धातली.
पहिली चाळीस पानं जड जातील,
नुसतं जहाज, ओकाऱ्या आणि खेचरं.
मग इटलीतले डोंगर.
आपल्याकडचा एक गडी खेचरावर दारूगोळा लादतो,
चिखल त्याला कृष्णाकाठचाच वाटतो,
फक्त गार.

लढाई थोडी आहे, फार तर दीड प्रकरण.
बाकी सगळी पत्रं.
त्याला लिहिता येत नाही, गजराला वाचता येत नाही.
तिकडे पलटणीतला कारकून लिहितो,
मधे साहेबाची कात्री चालते,
इकडे मास्तर ओळीखालून बोट फिरवत वाचून दाखवतात,
आणि वाईट काही आलं की
बोट टुणकन खाली उतरतं.
गजरा ऐकत नसते. बोट बघत असते.
“मास्तर, अकरा हायत. तुमी नऊच वाचल्या.”

त्या दिवशी वाचनालय बंद करायला
मला अर्धा तास उशीर झाला.
पुढचं सांगत नाही.

फक्त पान दोनशे सतरा आलं की सावकाश जा.
तिथे तार येते.
छापलंय, ‘दिवेलागणीला तार आली.’
‘दिवेलागणीला’वर पेन्सिलची रेघ आहे
आणि वर, दोनच यत्ता शिकलेल्या अक्षरात,
‘दुपारी. भाकऱ्या चालल्या होत्या.’

हौसाबाई बर्ग्यांकडे होतं पुस्तक, सत्त्याहत्तर दिवस.
पासष्टच्या लढाईतले बर्गे,
कमानीवर नाव वाचलं असशील.
परत देताना म्हणाल्या,
“लिवणारा चांगला हाय. येवढंच चुकलंय त्येचं.”

पुस्तकात लिहिल्यास पाच रुपये दंड,
ती पाटी माझ्याच हातची.
खोडरबर काढलाही होता.
ठेवून दिला.

जाऊ नकोस, असं म्हणत नाही मी.
जा की. छाती फुगव, उंची मोजून घे,
मी कोण अडवणारा?
पण पळून आल्यावर, आई चहा टाकत असेल तेव्हा,
ओट्यापाशी बसून थोडं मोठ्यानं वाच.
ओळ गाळू नकोस.
पाठ तुझ्याकडे असली तरी
ती मोजत असेल.

सही इथे कर.
परतीची तारीख टाकलेली नाही.
आणि हो, गाईड.
विसरलोच होतो, घे.