सहापर्यंत

वाखोनं कॅमेरा माझ्या तळहातावर ठेवला.
मी विचारलं, बाकीचा कुठंय?
एवढाच, काका. आत आरसा नसतो आता.
सहापर्यंत परत आण, दुकानातला आहे,
पट्ट्यावरचं लेबल तेवढं काढू नकोस.

बावीस वर्षं मी तिबिलिसीतली लग्नं टिपली.
माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे;
लेवान शिंपी आता विचारतही नाही,
त्या बाजूला अस्तर जाड लावतो.
दारातून आधी माझा कॅमेरा आत यायचा, मग मी,
आणि तो दिसला की वऱ्हाडातले सगळे
पोटं आत घेऊन उभे राहायचे.

आज चुगुरेतीच्या चढावर
कुणीच पोट आत घेतलं नाही.
मी कुणीतरी होतो, कोटाच्या खिशात हात घातलेला.

पहिले चाळीस वाया गेले.
एकात माझंच बोट.
एकात रस्त्यावरचा कुत्रा, कानात पिवळा बिल्ला,
बाकी कुत्रा चौकटीबाहेर.
उन्हात पडदा दिसेना, म्हणून टोपी काढून सावली केली,
तर टोपीत डोकं खुपसलेला म्हातारा म्हणून
शाळेतून परतणाऱ्या दोन पोरींनी
फोनवर मलाच टिपलं.

मग पावाचं तळघर.
फुटपाथच्या पातळीला खिडकी, आत लाल उजेड,
भट्टीवाला कमरेपर्यंत तोनेत उतरलेला,
वर नुसते पाय.
दाबलं. आवाज नाही.
पुन्हा दाबलं. नाही.
बिघडवला, वाटलं, आता वाखोची नोकरी जाते.
पण पडद्यावर पाय होते,
पीठ माखलेले, अकरा वेळा.

स्टेशनामागच्या बाजारात ती खोक्यावर बसली होती.
पुढ्यात हिरव्या आंबट आलुबुखारांचा ढीग,
एक बूट काढलेला, मोजाही,
आणि ती आपलं पाऊल मांडीवर घेऊन
तान्ह्या मुलासारखं चोळत होती.
मी दाबलं.
तिला कळलं नाही. कुणालाच कळलं नाही.

खरं तर याचसाठी लोक हे यंत्र घेतात.
मला मात्र वाटलं, ढिगातला एक उचलून
न विचारता तोंडात टाकला.
आंब चढली दाढांना.

खांबाआड उभा राहून मेनू उघडला.
खूप खाली, तारीख आणि भाषेच्या नंतर,
आवाज: एक, दोन, तीन.
मी दोन निवडला.
आत नसलेला आरसा वर उचलला गेल्याचा,
कुठल्यातरी खोलीत कुणीतरी नोंदवून ठेवलेला
खोटा खट्ट.

खट्ट.

तिनं मान वर केली.
थांब की मेल्या, बूट तर घालू दे!
बूट घातला. रुमाल सोडून पुन्हा बांधला.
हात गुडघ्यांवर. पोट आत.
हं, आता.
खट्ट, आणि माझ्यापुढे
माझी बावीस वर्षं बसली होती, दोन सोन्याचे दात दाखवत.

दाखव, म्हणाली.
दाखवताना बोट घसरलं, आधीचा आला,
बुटाविना.
आता ही ओरडणार, शेजारचे पनीरवाले जमणार.
तिनं कॅमेरा माझ्या हातातून काढून घेतला,
डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ.
अंगठ्यावर चढलेलं दुसरं बोट, मोठं करून बघितलं.

हा माझ्या आईचा पाय आहे, म्हणाली.
कधी आला हा इथे?

मला उत्तर येत नव्हतं.
पलीकडे कुणीतरी दोन लारींसाठी भांडत होतं.
मग तीच म्हणाली, तो दुसरा पुसून टाक,
उगाच मी मंत्र्याच्या बायकोसारखी दिसतेय.
नाव लिहून घे, त्सिसाना, तिसरी रांग,
कागदावर आणून दे. फोनवर नको.
आणि पिशवीत दीड किलो ओतले, पैसे घेईना.

पिशवी मी उजव्या खांद्याला लावली.
सवयीचं होतं.

सहाला दहा कमी.
लेबलावर आलुबुखाराचा रस सांडलेला,
किंमत अर्धी पुसट.
वाखो ते नखानं खरवडत होता, काही बोलणारच होता,
तेवढ्यात मी विचारलं,
हप्त्यांनी देता का रे?